सोजरबाईचं नख

तीस सालच्या सुमारास सोलापुरातल्या एका गिरणीनं पाळणाघर काढलं. आम्हा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना मुलं सांभाळायचं शिक्षण द्यायला शुक्रवार पेठेतून पद्मजाबाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मूल हातात घेण्याआधी आईचं नख बघायचं."

पोर झोपून राहावं म्हणून बाया नखात अफू आणायच्या आणि दारातच त्याच्या जिभेला लावायच्या. आदल्या उन्हाळ्यात त्या झोपेतून एक मूल उठलंच नव्हतं.

सोजरबाई वैरागची, कताईखात्यात कामाला. एका सकाळी तिनं बोट पोराच्या ओठाशी नेलं आणि मी तिचं मनगट धरलं. नखाखाली काळं होतं.

"सोड! तुजी किती बाळंतपणं झाली गं?"

"नख धुवा, मगच मूल घेते."

"त्यो रडला की मला खात्यातनं भाईर बोलवत्यात. मुकादम काढून टाकंल. मग तू घालणार हाईस व्हय खायला?"

मी मनगट सोडलं नाही. भोंगा वाजला. शिव्या देत तिनं नळावर बोट धुतलं आणि पोर माझ्या अंगावर टाकलं. ते दिवसभर किंचाळलं. मी त्याला खांद्यावरून उतरवलं नाही आणि तिला बोलावणंही पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दारात दहाही बोटं माझ्या तोंडासमोर नाचवायची. "बगा सासूबाई, नीट बगा!"

पोर रांगायला लागलं, चालायला लागलं, तरी तिच्या तोंडून मला दुसरं नाव निघालं नाही.