उणे ऐंशीचा फ्रीझर

रविवारी सकाळी अकराला सरांचा, माझ्या बायकोच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, फोन आला. ती गेल्यानंतर चार महिन्यांत पहिल्यांदा. मोठा फ्रीझर बंद पडला होता. "भाऊजी, हातातलं सोडून या," म्हणाले.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मी सगळ्यांचा भाऊजी. फ्रीझर दुरुस्त करणं माझा धंदा. तिथली यंत्रं पंधरा वर्षं मीच बघतो.

तिचं काम मेंदूज्वराच्या जिवाणूंचं. कुठे साथ आली की आजाऱ्यांच्या मणक्यातलं पाणी त्यांच्याकडे यायचं. ती त्यातले जिवाणू प्लेटवर वाढवायची, कोणत्या गटाचे आहेत ते बघायची आणि छोट्या नळ्यांत भरून उणे ऐंशीला ठेवायची. कोणती लस कशावर चालेल, हे पुढे त्यावरून ठरायचं.

प्लेटचं झाकण काचेच्या बंद कपाटातच उघडायचं, असा तिथला नियम. पण सर जुन्या वळणाचे. झाकण उचलून नाकाशी धरायचे आणि वासावरून जिवाणू सांगायचे. पाठीमागे सगळे त्यांना नाकाडे म्हणत. ज्याच्यावर खूश असत त्यालाच ते वास घ्यायला शिकवत, आणि तो मान मोठा समजला जाई. ती शिकली त्या दिवशी घरी उड्या मारत आली होती. पुढे दूध नासलंय का बघायला मी पातेलं तिच्या नाकाखाली धरायचो. "तज्ज्ञांची फी पडेल," म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात एका वसतिगृहात साथ आली. तिने घेतलेली जुनी लस चार गटांवर चालायची, आणि हा जिवाणू पाचव्या गटातला निघाला. त्याची लस वेगळी. महिन्याच्या अंतराने दोन डोस, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत शरीर लढायला तयार होतं. तिने ती लस मिळावी म्हणून अर्ज दिला. सरांनी अर्जावरच लिहिलं, 'नमुने संपल्यावर बघू.' त्या लसीने एखादा दिवस ताप येतो, आणि त्यांना एक दिवसही हात कमी पडायला नको होते.

अर्ज दिल्यानंतर आठव्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी पायांवर जांभळे ठिपके उठले. डॉक्टरांच्या आधी तिनेच ते ओळखले आणि मला म्हणाली, माझ्याजवळ येऊ नकोस, आधी स्वतःसाठी औषध घे. गुरुवारी दुपारी ती गेली.

चौकशी समितीला दिलेल्या अहवालात सरांनी लिहिलं की ताईंनी नियम मोडून प्लेट कपाटाबाहेर उघडली, वैयक्तिक निष्काळजीपणा. अर्जाचा उल्लेखच नाही. माझ्या मुलीने तो अहवाल वाचला आणि विचारलं, "बाबा, आई निष्काळजी होती?" गॅस बंद केलाय का म्हणून जिन्यावरून परत येणारी बाई ती. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. हा शब्द ज्याने लिहिला, त्यानेच तो गिळावा.

मी पोचलो तेव्हा आकडा उणे अडुसष्टवर होता. प्रयोगशाळेत सर एकटेच होते, कपाळावर घाम. दुसरा फ्रीझर गच्च भरलेला, आणि कोरडा बर्फ सोमवारशिवाय मिळणार नव्हता. मी मागची जाळी काढली. कॉम्प्रेसर चालू करणारा रिले जळला होता. दहा मिनिटांचं काम, आणि नवा रिले माझ्या खिशात होता.

मी हत्यारांची पेटी बंद केली आणि तिच्या स्टुलावर जाऊन बसलो.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"तिचा अर्ज कुठे आहे?"

त्यांनी आधी आठवत नसल्याचं सांगितलं. मग माझ्या दुःखाबद्दल बोलले. मग आवाज चढवून म्हणाले की आत बावीस वर्षांच्या साथींचे नमुने आहेत, पुढच्या लसीचं सगळं काम आहे, उद्या मुलं मेली तर त्याला मी जबाबदार. मी आकड्याकडे बघत राहिलो. उणे पासष्ट. अलार्म वाजायला लागला. तो बंद करा म्हणाले, मी केला नाही. उणे त्रेसष्टला ते हात जोडून उभे राहिले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आणखी दोन अंश त्यांना तसंच उभं ठेवलं.

मग ते केबिनमध्ये गेले आणि अर्ज घेऊन आले. त्यांनी तो फाडला नव्हता. कागद जपायची सवय. वर तिचं अक्षर, खाली त्यांचं.

"याच्याखाली लिहा," मी म्हणालो. "वास घ्यायला कोणी शिकवलं ते. आणि सही."

"माझं करिअर संपेल, भाऊजी."

"तिला एक दिवस तापाची रजा हवी होती."

त्यांनी लिहिलं. खाली सही केली. मी कागद घडी करून खिशात घातला आणि त्याच खिशातून रिले काढला. तो बघून त्यांचा चेहरा जो झाला, तो मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

त्यांच्यासाठी मी तो बसवला नाही. खरं तर कागद मिळाल्यावरही क्षणभर वाटलं, निघून जावं, होऊ दे सगळ्याचं पाणी. तिला मारणारा जिवाणूही आतच होता. पण त्या फ्रीझरमधल्या अर्ध्या नळ्यांवर तिचं बारीक, सरळ अक्षर आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला. आकडा खाली उतरायला लागल्यावर मी जाळी परत बसवली.

सोमवारी मी कागद चौकशी समितीला दिला. फ्रीझरपुढे काय केलं, तेही लपवलं नाही. मला लेखी समज मिळाली. अहवालातून तो शब्द निघाला, आणि नवीन अहवाल मुलीने दोनदा वाचला. सरांना प्रयोगशाळेत यायला बंदी झाली. त्यांचं टेबल आता वरच्या मजल्यावर आहे.

परवा सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा ते काचेच्या दाराबाहेर उभे होते. पास फक्त माझ्याकडे. मी फ्रीझरचा आकडा तक्त्यात लिहून बाहेर आलो.

"किती आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मी दार नीट लागलंय का ते दोनदा ओढून बघितलं आणि उत्तर न देता जिना उतरलो. पुढच्या महिन्यातही विचारतील.