रात्रीचे रक्त

१९५८ सालच्या फाल्गुनातली गोष्ट. कालावलच्या खाडीकाठच्या एका वाडीत सकाळी आठच्या सुमारास सुगंधा मागल्या अंगणात सोडणे कुटीत बसली होती. नारळाची ही सालं खाडीलगतच्या खड्ड्यांत महिनोन्‌महिने कुजत ठेवायची, मग काढून कुटायची, तेव्हा त्यांतून काथ्या सुटतो. खड्डे तिचा भाऊ गंगाराम खवणेकर याचे. कुटण्याचे काम सुगंधाचे. ते बसून करता येई, आणि पुढल्या दारी कोणी आले तरी तिचा उजवा पाय कोणाच्या दृष्टीस पडत नसे.

तो पाय घोट्यापासून मांडीपर्यंत सुजलेला होता. कातडी जाड आणि खरबरीत झाली होती.

सुगंधाला वेंगुर्ल्यास दिली होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला हुडहुडी भरून ताप येऊ लागला, जांघेत गाठ उठली, आणि दर तापागणिक पाय थोडा थोडा भरत गेला. सासऱ्याने देवळात कौल लावला. माहेरच्या कुळाचा दोष निघाला. ‘आठ दिवस माहेरी राहून ये’ असे सांगून तिला मोटारीत बसवून दिले, त्याला सहा वर्षे झाली. नवऱ्याने दुसरी आणली. दोन्ही मुले तिकडेच राहिली. कायदा काय म्हणतो, हे विचारायला कोणी गेले नाही. गंगारामने बहिणीला टाकले नाही, हे गाव कौतुकाने सांगे. तिचे ताट-तांब्या वेगळे, तिचा बिछाना काथ्याच्या खोपीत, आणि पुतणीला पाहायला पाहुणे आले की तिने खोपीबाहेर पाऊल ठेवायचे नाही, हे मात्र कोणी सांगत नसे.

त्या सकाळी खाकी सदऱ्यातला एक तरुण खड्ड्यांच्या कडेने वाकून पळीने पाणी काढीत होता. हा नुरुद्दीन मुकादम, एका होडीवाल्याचा मुलगा, शिकून सरकारी हत्तीरोग पथकात लागलेला. हा रोग कुठल्या डासातून, कुठल्या पाण्यातून येतो, हे शोधीत ते पथक किनाऱ्याने गावोगाव फिरत होते.

“ओ, माझ्या खड्ड्यात काय गावता तुमका?” गंगाराम ओरडला.

“डासांची पिल्लां, गंगारामानू. पाय सुजवणारो किडो ह्याच डासांच्या पोटातसून येता. आज राती नवानंतर शाळेत येवा. घरातल्या सगळ्यांचा रगात तपासूक होया, बायलमाणसांचापण.”

“रातचा कित्याक?”

“दिवसाचो तो आत दडान रवता. कातडीकडच्या रगतात येता तो रातीचो.”

“आमच्या घरात कोणाक काय नाय,” गंगाराम म्हणाला. “आयतवारी माझ्या चेडवाचो मुहूर्त काढूक पावणे येतले. रगात काढूक गेली म्हणान बोभाटो झालो तर लगीन मोडात. जावा तुमी.”

नुरुद्दीन गेला. सुगंधाचे कुटणे मात्र थांबले ते थांबलेच. डासांच्या पोटातून! मग तो कुळाचा दोष?

दुपारी सुशीला, गंगारामची सतरा वर्षांची मुलगी, विहिरीवरून येताना वाटेतच कळशी टेकून उभी राहिली. तिचा हात जांघेवर होता. सुगंधाने जवळ जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापले होते.

“कधीपासून गो?”

“दोनदा येवन गेलो ताप. आवशीन सांगल्यान, कोणाक सांगा नको.”

सुगंधाला बसवेना. कुटायला घेतलेले सोडण तसेच टाकून ती खोपीतून विहिरीकडे आणि विहिरीवरून खोपीकडे पाय ओढीत फिरू लागली. बोलावे तर लग्न मोडेल आणि मोडणारी आत्या म्हणून जन्मभर नाव होईल. न बोलावे तर? शेवटी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली. आत तिला मज्जाव होता. वहिनी सीता, सुशीलेची आई, खोबरे खवत होती.

“वयनी, माका असोच ताप येय होतो.”

“आयतवार जावंदे,” सीता मान खाली घालून म्हणाली. “लगीन झाला काय बघूया.”

“लगीन झाल्यार ती लोकांची. मगे तिकापण मोटारीत बसवतले.”

सीतेचा हात थांबला. रात्री गंगाराम देवळात भजनाला गेला तेव्हा तिने स्वतःच कंदील पेटवून सुगंधाच्या हाती दिला.

शाळेच्या पडवीत वीस-पंचवीस पुरुष बसले होते. बाई एकही नव्हती. सुगंधा सुशीलेचा हात धरून उजेडात आली तशी कुजबूज उठली आणि माणसे सरकून दूर झाली. तिने सर्वांदेखत पाय पुढे करून बाकावर बसकण मारली. नुरुद्दीनने दोघींच्या बोटांना सुई टोचली, काचेवर थेंब घेतले आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून राहिला.

“ताई, तुमच्या रगतात आता किडो गावणा नाय. रोग जुनो झालो. पाय पयल्यासारखो होवचो नाय, खोटा कित्याक सांगू? पण तुमच्यापासून आता कोणाक कायेक होवचा नाय.” मग त्याने दुसरी काच सरकवली. “ह्या चेडवाचा रगात. बघा.”

सुगंधा वाकली. उजेडाच्या गोल चकतीत रक्ताच्या बारीक कणांना ढकलीत एक पारदर्शक धागा वळवळत होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

“म्हणजे माझो दोष न्हयतोच?”

“डास चावलो, तो तुमचो दोष?”

त्याने सुशीलेला एकवीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. पहिले काही दिवस ताप येईल, औषध सोडू नका, असे बजावले.

त्या घरी परतल्या तेव्हा गंगाराम दारात उभा होता. बातमी भजनातच पोचली होती.

“माझ्या चेडवाचो जल्म नासलंस! ह्या घरातसून भायर हो!”

“तिका भायर काढतास?” सीता आतून पुढे आली. बावीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज ओटीपर्यंत आला नव्हता. “आणि तुमका कोणी काढल्यान? धा वर्सां झाली, तुमकापण त्याच तापान धरलेला. तुमचा दुखणा धोतरात झाकता, तिचा लुगड्यात झाकणा नाय. येवडोच फरक. तिका घोवान परत धाडल्यान, पण घोव परत धाडतंस काय म्हणान माका कोणी इचारूक नाय!”

गंगाराम दारातून बाजूला झाला. त्या वाडीत अशी अंडवृद्धी धोतरात झाकून वावरणारे पुरुष थोडे नव्हते. ते पंचांत बसत, त्यांना मुली मिळत. त्यांच्या कुळाचा दोष काढायला कोणी कधी कौल लावला नव्हता.

रविवारी मुलाचे वडील दत्ताराम पत्नीसह आले. मुलगा मुंबईस गोदीत कारकून. आजाराचे त्यांना सांगायचे का, याला दोन दिवस गंगाराम ना हो म्हणाला होता, ना नाही. सुशीला चहा घेऊन आली. औषधाच्या तापाने तिचे डोळे लाल झाले होते.

“मुलगी बरीच उतरलेली दिसते,” दत्ताराम म्हणाले.

“उन्हान...” गंगारामने सुरुवात केली.

“उन्हान नाय,” सुशीला म्हणाली. तिने कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. “माझ्या रगतात हत्तीरोगाचे किडे गावले. औषध चालू आसा, बरी होतलंय. तुमच्या झिलाचापण एकदा तपासून घेवा. मगे मुहूर्त काढूया.”

“आमच्या मुलाचे?” दत्ताराम उठून उभे राहिले. कपाला तोंड न लावता दोघे पायरी उतरून गेले. संध्याकाळी निरोप आला: संबंध जमणे नाही.

सुशीला त्या दिवशी खूप रडली. पथकाचा मुक्काम हलायच्या आदल्या रात्री गंगाराम एकटाच शाळेकडे गेला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. नुरुद्दीन त्याच्या रक्तातले किडे मोजू लागला आणि मोजता मोजता थांबला; ते मोजण्यापलीकडे होते.

“माझ्याच रगतातलो किडो माझ्या चेडवाक गेलो आसात?” गंगारामने विचारले.

“कोणाचा रगात पिवन डास कोणाक चावलो, ता सांगूक येणा नाय, गंगारामानू.”

गंगाराम बोट चोळीत उभा राहिला. “उद्यापासून खड्डे उपसूक घेतंय,” एवढेच तो म्हणाला.

पथक पुढल्या गावी निघाले तेव्हा सुगंधाने नुरुद्दीनला गाठले. बायका आपणहून येणार नाहीत, त्यांच्यासमोर कोणीतरी पाय उघडा टाकून बसायला हवे, असे तिने सांगितले आणि गाडीत चढून बसली. त्या गावी पहिल्या रात्री अकरा बायका आल्या.

पावसाळा संपल्यावर सुशीलेचे रक्त पुन्हा तपासले. ते स्वच्छ निघाले. तिच्यासाठी आलेली आणखी दोन स्थळे, ‘ती रक्तातल्या किड्यांची’ एवढे ऐकूनच परत गेली आहेत.

दत्तारामांच्या मुलाचे लग्न वैशाखातच थाटाने झाले. त्याचे रक्त अजून कोणी तपासलेले नाही.