खांद्यातली कळ

"पोट कापलात तुमी, आणि दुखता माजो खांदो. ह्या खयचा शास्त्र?"

रघुनाथने शुभांगी नर्सला हे विचारलं तेव्हा तो कॉटची दांडी धरून उभा होता. उजवा खांदा कानाला टेकेल इतका वर गेला होता आणि कपाळावर घाम होता. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम एक दिवस उलटला होता. पोटावरची पाच छोटी भोकं बिचारी गप्प होती. जिथे कुणी हातसुद्धा लावला नव्हता, तो खांदा मात्र कुणीतरी आतून पिळावा तसा दुखत होता.

शुभांगी बेळगावकडची. रोज असले चार प्रश्न ऐकूनही तिची बोलण्याची हौस फिटलेली नव्हती. तिने समजावून सांगितलं. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं म्हणजे आधी पोटात गॅस भरून ते फुगवावं लागतं. नंतर तो गॅस काढतात, पण थोडा मागे राहतोच. तो वर चढतो आणि छातीखालच्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून येते, म्हणून कळ खांद्यात. शिवाय आतड्यातला वारा वेगळाच, तोही अडकलेला.

"दोन्हीला औषध एकच हो काका. चाला. तुम्ही झोपून राहिलासा, की तो पण आत झोपूनच राहतोय."

रघुनाथ चोवीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होता. त्याला हे एका क्षणात पटलं.

"म्हणजे फॉल्ट चोपड्याच्या खांबार, आणि लायट गेली आगरवाड्याक," तो म्हणाला. शुभांगीला ती दोन्ही गावं ठाऊक नव्हती, पण काका चालायला लागले एवढ्यावर तिचं समाधान झालं.

आता रघुनाथला लाइनमन म्हणायचं ते जुन्या सवयीने. एकशे बेचाळीस किलोचा माणूस शिडीवर चढवायला साहेबांची छाती होईना, म्हणून गेली काही वर्षं त्याला पेडण्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसवलं होतं. लोक लाइट गेल्याबद्दल त्याला शिव्या घालत, तो त्या नम्रपणे वहीत उतरवून घेई आणि समोरची भजी संपवी. साखर वाढली, गुडघे गेले, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांची समजूत अशी की ह्या साखरेपायीच तो ऑपरेशनला तयार झाला. देवकीची, म्हणजे त्याच्या बायकोची समजूत अशी की तिने सहा महिने टकळी लावली म्हणून झाला.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याचा बापही असाच होता. बाप आणि लेक दोघेही उंचीला कमी आणि रुंदीला जास्त. बाप गेला तेव्हा घरापासून नदीकाठच्या मसणापर्यंत माणसं चार वेळा बदलावी लागली. रघुनाथ पुढे मडकं घेऊन चालत होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारो खावन-पिवन सुटलो, आता आमचे खांदे गेले." म्हणणारा माणूस वाईट नव्हता. त्याचा खांदा खरोखरच सोलवटला होता. पण रघुनाथच्या काळजात ते वाक्य जे जाऊन बसलं ते उठेना. देवीच्या पालखीला खांदा देणारं हे घराणं, आणि त्याच घरातल्या माणसाला खांदा देताना गाव कुरकुरतं, ही लाज त्याला बापाच्या मरणापेक्षा जास्त लागली.

त्याच वर्षी पालखीही सुटली. सोमवारी सातेरीची पालखी देवळाभोवती पाच फेरे घेते. मागची उजवी बाजू परंपरेने ह्यांची. दुसऱ्याच फेरीला रघुनाथला धाप लागली, पालखी कलली आणि देवीच्या अंगावरची फुलं एका बाजूला घसरली. पुढल्या सोमवारी त्याने आपणहून चुलत भावाला, ओंकारला पुढे केलं आणि आपण गर्दीत मागे उभा राहिला. नऊ वर्षं तो तिथेच उभा राहत होता.

शनिवारी त्याला घरी सोडलं. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. भरपूर चालायचं, पेजेची निवळ घोट-घोट घ्यायची आणि तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. देवकीने हे तिन्ही नियम देव्हाऱ्यातल्या पोथीसारखे मनात धरले. औषधाच्या टोपणात निवळ ओतून ती दर पाऊण घटकेने समोर उभी राही. एकेकाळी सकाळच्या दहाच्या पेजेला तीन वाडगे रिचवणारा माणूस टोपणभर पाण्याकडे बघून "पुरे गो" म्हणू लागला, आणि ते ऐकून तिला हसावं की रडावं ते कळेना.

त्याच्या आईचं, पार्वतीबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मुलाचं पोट वाऱ्याने धरलंय हे ऐकताच त्यांनी नातीला, गौरवीला दुकानावर पिटाळून लिंबू आणि सोड्याची बाटली आणवली. पोट फुगलं की सोडा, ढेकर आली की काम झालं. गोव्यात ह्याला डॉक्टर लागत नाही. देवकीने धावत येऊन बाटली काढून घेतली. सोडा वर्षभर बंद, असं डॉक्टरांनी बजावल्याचं सांगितलं. मग फोडलेली बाटली वाया कशाला घालवा, म्हणून उभ्या-उभ्या स्वतःच पिऊन टाकली. तिला जी सणसणीत ढेकर आली ती ऐकून रघुनाथने इतक्या आशाळभूत नजरेने तिच्याकडे पाहिलं, की ती बाटली घेऊन आत पळाली.

रविवारी कळ वाढली. आडवं पडलं की खांद्यात सुरी, उठून बसलं की पोटात गोळा. तो ओसरीवरून तुळशीपर्यंत आणि तुळशीपासून ओसरीपर्यंत फेऱ्या मारत राहिला. पार्वतीबाई गुडघ्यांना तेल चोळत त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी एकदाच विचारलं, "खयचो खांदो रे? उजवो?" तो हो म्हणाला आणि त्या तेलाची वाटी उचलून आत गेल्या. दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

सोमवारी सकाळी तो गुंता सुटला. ऑपरेशनआधी त्यांनी देवळात देवीला प्रसाद लावून कौल मागितला होता. कळी उजवीकडची पडली, देवीने होकार दिला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच वेळी त्या देवीपाशी आणखी काही बोलल्या होत्या, ते आज सांगितलं. माझा झील सुखरूप घरी आला, की पहिल्याच सोमवारी तुझ्या पालखीला खांदा देईल.

"देवी आठव करून दिता तुका. पोट कापला आणि खांदो दुखता, आणि तोय उजवो. आणखी काय सांगूक होया?"

रघुनाथने आईला पडदा सांगितला, नस सांगितली, खांबावरचा फॉल्टही सांगितला. शेवटी "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" असं म्हणून हसण्याचाही प्रयत्न केला. पण खोटं कशाला बोला, त्या कळेने त्याचाही धीर सुटत चालला होता. शिवाय आईचं म्हणणं खरं असावं, असं त्याला मनातून वाटतच होतं. नऊ वर्षांत देवीने त्याची आठवण काढली असेल, तर ते त्याला हवंच होतं.

"एक फेरी," तो देवकीला म्हणाला. "एकच. नुसतो हात लावन्."

देवकी तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आली. तिला आवाज चढवायची सवय नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "आतले टाके तुटले तर? अवो, मी तुमका जिते घेवन इलंय. लोकांनी तुमका खांदो दिवचो अशी पाळी माज्यार हाडू नकात."

तिला सासऱ्याच्या अंत्ययात्रेतलं ते वाक्य ठाऊक नव्हतं. तरी तिचा बोल नेमका तिथेच जाऊन लागला. रघुनाथ खाली बसला. एकीकडे आईने देवीला दिलेला शब्द, दुसरीकडे बायकोने यमाच्या दारातून परत आणलेला जीव. कुणाचं मोडावं ते त्याला सुचेना.

संध्याकाळी चौघं देवळात गेली, गौरवीने आजीचा हात धरला. गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान दत्तारामकाकांचा. त्यांच्या कानावर सगळं घातलं. काकांनी आधी रघुनाथच्या पोटाकडे पाहिलं, मग पार्वतीबाईंकडे, मग देवकीकडे. तिघांत सगळ्यात ठाम चेहरा देवकीचा होता.

"देवीक घाई नाय," काका म्हणाले. "खांदो तीन म्हयन्यांनी दी. आज पालखेफुडे चल. पाच फेरे. डॉक्टराचाय ऱ्हवता, देवीचाय ऱ्हवता."

देवकीने सुटकेचा श्वास टाकला. पार्वतीबाईंना मात्र ते पटलं नाही. शब्द त्यांनी दिला होता, तो पुढे ढकलला जातोय हे देवीला त्यांनीच सांगायला हवं होतं. दोन वर्षांत त्यांनी गुडघ्यांपायी एकही प्रदक्षिणा घातली नव्हती, पण आज आपणही फेरे घालायचे असं त्यांनी ठरवलं. त्या गौरवीचा हात सोडून पुढे आल्या आणि त्यांनी रघुनाथच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे मूठ आवळून शर्टासकट धरला.

"चल," त्या म्हणाल्या.

ढोल-ताशे सुरू झाले. पालखी उठली. तिच्यापुढे रघुनाथ आणि त्याच्या खांद्याला लटकलेली आई. पहिल्या फेरीत त्याला ब्रह्मांड आठवलं. नेमक्या कळेच्या जागी तिची मूठ. पण तिचं एक पाऊल पडायला जेवढा वेळ लागे तेवढाच वेळ त्याला स्वतःच्या पावलाला मिळे, आणि त्या संथ चालीत, दुसऱ्या फेरीच्या शेवटी, पोटात काहीतरी खालच्या बाजूला सरकलं. तिसऱ्या फेरीला देवळाच्या मागे पालखी थांबते, वाजप बंद होतं आणि काका गाऱ्हाणं घालतात. वाजप बंद झालं. काकांनी तोंड उघडलं. आणि त्या शांततेत रघुनाथचा चार दिवस अडकलेला वारा सुटला.

तो लपवण्यासारखा नव्हता. पालखीखाली ओंकारचे खांदे हसण्याने हलू लागले आणि देवीचे झुबे किणकिणले. बायकांनी पदर तोंडाला लावले. काकांचं वय असल्या गोष्टींच्या पलीकडे गेलं होतं. ते क्षणभर थांबले आणि मग नेहमीच्याच सुरात त्यांनी सुरुवात केली.

"बाये सातेरी, तुज्या ह्या लेकरार इल्ला संकट तू आज भायर काढलंस..."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव एकदिलाने म्हणाला.

रघुनाथ कानापर्यंत लाल झाला होता. पण पोटातला गोळा ढिला पडला होता, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याने छाती भरून श्वास घेतला. आई हळूच म्हणाली, "सुटलो रे बाबा." त्याला हसू आलं, आणि हसताना टाके ओढले तरी हसणं थांबेना.

चौथ्या फेरीला आईची पावलं अडखळू लागली. तिचा सगळा भार आता खांद्यावर येत होता. देवकी लगबगीने पुढे झाली. नवऱ्याचीही काळजी, सासूचीही. तिने आपला खांदा पुढे केला आणि म्हणाली, "आई, आता माका धरा. थोडो बदल करा."

"बदल कित्याक?" पार्वतीबाई चालता-चालता म्हणाल्या. "हो बरो असा. इतको भार घातलंय, पण कुरकुरना नाय."

रघुनाथला पुढचं काही दिसेना. डोळे भरले होते. बापाच्या तिरडीखालून आलेलं ते वाक्य इतकी वर्षं त्याच्या पाठीवर बसलं होतं. ते आता कुठे गेलं ते त्याला कळलं नाही. देवीचे उपकार, डॉक्टरांचे, त्या बेळगावच्या पोरीचे, सोडा पिऊन टाकणाऱ्या बायकोचे. कुणाचे आधी मानावे हेही त्याला कळेना. तो नुसता चालत राहिला. आईच्या पावलाला पाऊल लावून त्याने पाचवी फेरी पुरी केली.

पालखी देवळात गेली. शेवटच्या गाऱ्हाण्यात काका म्हणाले, "पार्वतीच्या झिलान तुज्या दारात आज खांदो दिल्यान, बाये, तो रुजू करून घे." आईने मान वर करून काकांकडे पाहिलं. गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. ओंकार खांद्यावरचं फडकं झटकत बाहेर आला आणि त्याने ते रघुनाथच्या डाव्या खांद्यावर टाकलं. तीन महिने जागा सांभाळतो, म्हणाला, जास्त नाही.

आई पायरीवर टेकली. तीर्थप्रसाद वाटून झाला, समया शांत करायला पुजारी आत गेला, तरी तिने त्याच्या खांद्यावरची मूठ काढली नव्हती. देवकीने बसा म्हणून खुणावलं. रघुनाथने मान हलवली. आईचा हात पोचावा म्हणून तो थोडा वाकला आणि तसाच उभा राहिला. खांद्यात अजून बारीकशी कळ होती.