लडाखची खाचरं

अडुसष्ट साली मी मार्गासनीच्या शाळेत शिकवत होतो. चौथीतल्या पारूने भात सोडला होता. तिचा बाप मानसिंग फौजेत, लडाखला. सुट्टीवर आलेला एक जवान पारावर बोलून गेला, की तिकडे नुसती वाळू आणि दगड, काही पिकत नाही. तेव्हापासून पोर नाचणीची अर्धी भाकरी खाऊन उठायची. "बा उपाशी, अन् म्या भात खाऊ?"

तिची आजी अंबूबाई माझ्याकडे आली. "गुरुजी, तुमीच सांगा. पोर वाळली."

पुण्याच्या जुन्या बाजारात मला लडाखचा एक नकाशा मिळाला होता, इंग्रजांच्या वेळच्या मोजणीचा. संध्याकाळी तो मी त्यांच्या ओटीवर पसरला. दाट तपकिरी रेघांवर बोट फिरवताना पारूचा चेहरा उजळला.

"आज्जे, भाताची खाचरं बघ! बांधाला बांध लागलाय. आपल्याकडं बी न्हाईत येवढी!"

अंबूबाईने मला डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या, जेवू द्या. पण पोरीला खोट्यावर जेवायला बसवणं मला जमेना.

"पारू, ते बांध नाहीत. तुझं ताट आण."

आजी रोज वाढायची आणि पारू शिवायची नाही, त्या ताटातल्या भाताचा मी डोंगर केला. भोवती थोडी आमटी ओतली आणि ती टेकली तिथे बोटाने रेघ ओढली. आणखी आमटी, वर आणखी एक रेघ.

"गुरुजी, अन्नाशी खेळता व्हय?"

"शिकवतोय, अंबूबाई."

"मंग जपून वता. डाळ म्हागलीया."

"एका रेघेवर उंची सगळीकडे सारखी. पारू, रेघा जवळ कुठे आल्या?"

"कडा उभा हाय तितं." ती नकाशाकडे बघत राहिली. "म्हंजी हे समदे कडेच? खाचर येक बी न्हाई?"

"नाही. पाऊसही नावालाच. आता रेघा लांब लांब कुठे आहेत ते शोध."

बराच वेळ गेला. "हितं. नदीच्या कडंला. ह्या बारक्या चौकटी?"

"घरं. नदीचं पाणी पाटाने आणून लोक सातू पिकवतात. फौजेचं धान्य खालून येतं."

"तांदूळ बी?"

"तांदूळही. कुठून येत असेल, बघ."

वाटेच्या तुटक रेघेवरून तिचं बोट खिंडीत चढलं, पलीकडे उतरलं आणि कागदाच्या कडेला थांबलं.

"फुडं?"

"पुढचा नकाशा वेगळा. मिळाला तर आणीन."

"आणाच." तिने ताट ओढलं आणि डोंगराला कड्याच्या बाजूने हात घातला.

"सावकाश गं," अंबूबाई म्हणाली, "दरड येईल अंगावर."