किंमत कोणत्या अक्षावर

वसुधा दामले पदार्थविज्ञानाची. कार्ल्सरूहेला तिची डॉक्टरेट झाली, म्युनिकच्या एका संस्थेत जागाही ठरली; पण ती जागा वर्षभर लांबली. तोवर जर्मनीत टिकायचं तर नोकरी हवी. म्हणून १९६४च्या सप्टेंबरात ती म्युनिकबाहेरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवू लागली. नाताळात अर्थशास्त्राच्या बाई लग्न करून निघून गेल्या आणि त्यांचा वर्ग वसुधाच्या गळ्यात पडला.

पहिल्याच आठवड्यात तिनं फळ्यावर मागणीची रेषा काढली. किंमत वाढली की खप घटतो. म्हणजे किंमत हे कारण, खप हा परिणाम. प्रयोगशाळेत सात वर्षं जे केलं तेच तिनं इथं केलं. कारण आडव्या अक्षावर मांडलं, परिणाम उभ्या.

नेमके तेव्हाच भास्करराव टिपणीस मुख्याध्यापकांना घेऊन दारात उभे होते. भास्करराव वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख, मुंबईचे एम.ए., या शाळेत आठ वर्षं मुरलेले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मान कलती केली, मग आणखी कलती केली, पार कान खांद्याला टेकेपर्यंत. वर्गात हशा पिकला.

"मुलांनो, बाई फिजिक्सच्या आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "त्यांच्या बाजारात गिऱ्हाइकं छताला लटकतात. आपल्याकडे किंमत उभ्या अक्षावर असते. पहिल्या धड्यातच आहे हे."

मुख्याध्यापकही हसले. जाता जाता भास्करराव मराठीत हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं, बाई. मार्चअखेर तुमच्या कराराबद्दलचं मत मला लिहून द्यावं लागतं, एवढंच."

करार गेला की राहण्याचा परवाना गेला, परवाना गेला की संस्थेतली जागा गेली. हातात खडू असतानाच वसुधानं हा हिशेब मांडला. पुढे महिनाभर वर्गात कोणी ना कोणी मान वाकडी करून तिच्याकडे पाहायचं.

ती रडली नाही. संताप आला की ती वाचायला बसे. दर शनिवारी ट्रामनं ती शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जायची आणि एकच प्रश्न घेऊन जुनी पुस्तकं उपसायची: किंमत उभ्या अक्षावर का? चौथ्या शनिवारी उत्तर हाती लागलं. १८३८ साली एका फ्रेंच गणितज्ञानं मागणीची रेषा छापली, तेव्हा किंमत आडव्याच अक्षावर होती. अगदी तिच्यासारखी. पन्नासएक वर्षांनी एका इंग्रज प्राध्यापकानं प्रश्न उलटा केला: इतका माल बाजारात आला, तर लोक काय किंमत देतील? म्हणून माल आडवा आणि किंमत उभी. नंतरच्या लोकांनी प्रश्न पुन्हा सुलटा केला, चित्र मात्र तसंच ठेवलं.

त्या पानाची छायाप्रत तिनं पर्समध्ये ठेवली. भास्कररावांच्या टेबलावर ती ठेवता आली असती. ठेवली नाही.

दर मार्चमध्ये शिक्षण खात्याचा तपासनीस येई आणि भास्करराव त्याच्यासमोर एक तास स्वतः घेत. त्यासाठी सगळ्यांत चुणचुणीत वर्ग निवडत. त्या वर्गाच्या शिक्षिकेनं मागच्या बाकावर बसायचं, असा रिवाज होता. वसुधानं आपला वर्ग चुणचुणीत केला. शिवाय एक सवय लावली. समोर कोणताही आलेख आला की आधी विचारायचं: यात कारण काय, आणि ते याच अक्षावर का? भरती-ओहोटी, लोकसंख्या, तापमान, सगळ्यांवर तिनं हे मुलांकडून घोटून घेतलं. किमतीच्या अक्षाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

तपासनीस डॉ. फोगल आले. मूळचे रसायनशास्त्राचे, बोलायला कमी. भास्कररावांनी वसुधाचाच वर्ग निवडला होता; त्यांनी झोकात मागणीची रेषा काढली. एका तुर्की अधिकाऱ्याची मुलगी सेव्हिम हिनं हात वर केला.

"सर, कारण किंमत आहे ना? मग ती उभ्या अक्षावर का?"

"तशी पद्धत आहे."

"पण का, सर?"

भास्कररावांनी घसा खाकरला. "कारण... शास्त्रात कारण नेहमी उभ्या अक्षावरच मांडतात."

"इमर?" फोगल जर्मनमध्ये म्हणाले. नेहमीच? त्यांच्या भुवया चढल्या होत्या.

वसुधाला एक वाक्य बोलून त्यांना सोडवता आलं असतं. ती गप्प बसली. भास्कररावांनी आणखी तीन वाक्यं बोलून स्वतःला आणखी खोल गाडलं आणि शेवटी हसत म्हणाले, "या मुलांना दामलेबाईंनी फिजिक्स शिकवलंय, त्याचा हा परिणाम."

मग मात्र ती उठली. फळ्यापाशी गेली, छायाप्रत फोगलांच्या हाती दिली आणि अक्षांच्या अदलाबदलीची सगळी हकिकत पाच मिनिटांत सांगितली. आवाज एकदाही चढवला नाही. "माझ्या विभागप्रमुखांचं हे सांगायचं राहिलं असेल," असंही वर म्हणाली. फोगलांनी ते पान दोनदा वाचलं, तिचं नाव विचारून वहीत टिपलं आणि निघताना भास्कररावांना म्हणाले, "यांच्याबद्दलचं तुमचं मत मला आजच हवं. चार वाजता न्यायला येतो."

साडेतीनला शिक्षकांच्या खोलीत भास्करराव टाइपरायटरसमोर बसले होते. पलीकडे चारपाच शिक्षक वह्या तपासत होते.

"अहो बाई, आधी मला सांगायचं होतंत! परमुलखात आपण दोघंच मराठी."

"जानेवारीतही आपण दोघंच होतो."

कागद चढवून त्यांनी दोन ओळी बडवल्या. ती खांद्यामागून वाचत होती.

"'समाधानकारक' नको," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"आज तुम्ही वर्गात जे पाहिलंत ते. मुलांनी काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलंत, मी काय सांगितलं."

"माझं उत्तरसुद्धा?"

"त्याशिवाय माझं समजणार कसं?"

भास्कररावांचं कपाळ ओलं झालं होतं. तिला वाटलं होतं, इथवर आल्यावर आपल्याला कीव येईल. आली नाही. त्यांनी नवा कागद घेतला, सगळं लिहिलं, खाली सही केली आणि तिच्यापुढे धरला.

"झालं समाधान?"

"वाचून दाखवा. इंग्रजीत आहे तसं."

"लोक आहेत इथं," ते कुजबुजले.

वसुधानं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"म्हणूनच म्हणते, भास्करराव. मोठ्यानं वाचा."