ओळंबा चुकलेलं दार

मिस्त्रींनी बसवलेलं दार जिथे सोडाल तिथे उभं राहायचं. अर्धं उघडून सोडा, अर्धंच राहणार. बोटभर फट ठेवून कामाला जा, संध्याकाळी फट बोटभरच. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने दारासाठी त्यांना परत बोलावलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना एवढा तोरा होता, की कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी टेकण्याआधी तिथलं दार अर्धवट सोडून बघायचे. हललं, की त्या घरातल्या चहाची चव उतरायची.

अशा माणसाच्या नशिबी अवकाशयान आलं, ते भाचीमुळे. बहिणीची एकुलती एक लेक, सिनेमा करायला निघालेली. तीन माणसं घेऊन एक यान लांब अवकाशात जातं आणि हरवतं. पुष्कळ वर्षांनी सापडतं ते फक्त भिंतीवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण, आणि तेच चित्रण म्हणजे सिनेमा.

"म्हणजे भुताचा," मिस्त्री म्हणाले होते.

"भूत नाहीये त्यात, मामा."

"मग घाबरायचं कशाला?"

"तेच तर दाखवायचंय. हळूहळू."

मिस्त्रींना ओ की ठो कळलं नव्हतं. पण भाचीला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती, म्हणून हत्यारांची पिशवी उचलून ते गेले.

जागा म्हणजे महिनाभरासाठी मिळालेलं एक रिकामं गोदाम. पूर्वी तिथे बाटल्या धुवायचे. मिस्त्रींनी त्यात प्लायवुडचा लांब बोगदा उभा केला, त्याला राखाडी रंग दिला, भंगारातल्या धुलाईयंत्रांची गोल झाकणं लावून खिडक्या केल्या. बोगद्याच्या टोकाला पुरुषभर उंचीचं गोल दार, कडेने काळी रबराची पट्टी. दारामागे काय, तर गोदामाचा कोपरा: रंगाचे दोन डबे, एक शिडी आणि मिस्त्रींच्या डब्याची पिशवी.

चित्रीकरण सुरळीत चाललं होतं, पण भीती काही येईना. भाचीने शेवटी मन मारून एक रबरी प्राणी करून आणला. तो बोगद्यात उभा राहिला तेव्हा भिजलेल्या सोफ्यासारखा दिसला. लाइटवाला हसला, मग सगळेच हसले. भाचीही हसली आणि मग बराच वेळ बाहेर गाडीत जाऊन बसली. परवा गोदाम रिकामं करायचं होतं. सिनेमात सगळं होतं, फक्त ज्यासाठी तो काढला तेच नव्हतं.

त्याच दुपारी तिने मिस्त्रींना पडद्यासमोर बसवलं. "मामा, हे बघा. जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरचा कॅमेरा चालूच राहिला होता."

पडद्यावर रिकामा बोगदा. मिनिट गेलं, दोन गेली. मिस्त्रींनी जांभई दिली. एका फळीवर कुणाचातरी चहाचा कप राहिला होता, तेवढाच काय तो जिवंतपणा. पाच मिनिटं झाली आणि त्यांना वाटलं, टोकाच्या दाराची कड मघापेक्षा जाड दिसतेय. त्यांनी चष्मा पुसला. कड वाढत होती. इतकी सावकाश, की हलताना दिसत नव्हती, फक्त दर खेपेला जास्त काळी असायची. अकराव्या मिनिटाला दार हातभर उघडून थांबलं आणि आतला अंधार कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

भाची काहीतरी बोलत होती, पण मिस्त्रींचे कान लाल झाले होते. त्यांचं दार, आपणहून उघडलेलं! कारण त्यांना बसल्या जागी कळलं. बाटल्या धुवायची जागा, म्हणजे फरशीला मोरीकडे उतार. घाईच्या दिवशी त्यांनी चौकट फरशीला काटकोनात उभी केली आणि वरून ओळंबा सोडायचा राहिला. दोरीला बांधलेलं एवढंसं वजन, पण सरळ काय ते सांगणारं तेच. फरशी कलली तशी चौकट कलली. ताज्या रंगाने चिकट झालेल्या रबराने दार धरून ठेवलं होतं, ते केसाकेसाने सुटत गेलं. चारचौघांत आपलं नाक कापलं जाऊ नये म्हणून पोरीने एकट्याला बोलावून चूक दाखवली, अशी त्यांनी समजूत करून घेतली. तिचं बोलणं संपायच्या आत ते "बघतो मी" म्हणून उठले आणि सगळे दुसऱ्या कोपऱ्यात काम करत असताना चौकटीखाली पाचरी मारून, ओळंबा लावून, रबरसुद्धा नवीन बसवून घरी गेले. त्या दिवशी त्यांना झोप छान लागली.

सकाळी भाची दारासमोर फरशीवर बसली होती. दार ढिम्म.

"मामा, काय केलंत?"

"सरळ केलं. काल तू दाखवलंस ना."

"मी दाखवलं ते आवडलं म्हणून. फळीवरच्या त्या चहाच्या कपामुळे कालचं घेता येत नाही, आज परत घ्यायचं होतं. एवढ्या दिवसांत मला भीती वाटली ती तेवढीच." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं मिस्त्रींना वाटलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिस्त्रींनी मुकाट्याने पाचरी काढल्या. पण नवं रबर कोरडं होतं. उधारी फेडायला आलेल्या माणसासाठी दुकानदाराने उघडावं तसं दार धाडकन उघडलं. लाइटवाल्याने तोंड फिरवून हसू लपवलं. जुनं रबर कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेलं होतं. आता उरला एकच उपाय: दार वाकडं बसवायचं, पण अगदी बेताचं वाकडं. कागदाएवढी पाचर, मग दोन कागदांची. दर वेळी मिस्त्री डोळ्यांनी वाकडं धरायचे आणि हात जाऊन ते सरळ करायचे. दुपार झाली. कपाळावरचा घाम चौकटीवर पडत होता.

शेवटी त्यांनी पिशवीतून ओळंबा काढून भाचीच्या हातात ठेवला. "हा तुझ्याकडे ठेव. जवळ असला तर हात माझं ऐकणार नाहीत."

तिने तो दोन्ही हातांत धरला. तिच्या आजोबांचा होता तो, म्हणजे मिस्त्रींच्या वडिलांचा. मिस्त्रींनी डोळे मिटले, चौकटीला खांदा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा दार जाणूनबुजून बिघडवलं.

कप उचलले गेले, माणसं बाहेर आली, कॅमेरा चालू झाला. सगळे पडद्याभोवती गोळा झाले. चार मिनिटं काही नाही. लाइटवाल्याने तोंड उघडलं तसं भाचीने त्याचं मनगट धरलं. मग कड जाड झाली.

त्या बोगद्यातला स्क्रू न् स्क्रू मिस्त्रींना पाठ होता. तरी त्यांच्या अंगावर काटा आला. पडद्यावर प्लायवुड नव्हतंच. घरापासून न मोजता येईल इतक्या लांब एक जागा होती. तिथे कुणी नव्हतं आणि तिथे दार उघडत होतं. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून झालं आणि त्यात आपला हात कुठेच दिसत नाही, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अकराव्या मिनिटाला दार हातभर उघडून थांबलं.

सिनेमा लागला तेव्हा मिस्त्री बायकोला घेऊन दुपारच्या खेळाला गेले. शेवटाकडे तो रिकामा बोगदा आला. प्रेक्षागृहात आधी खोकले ऐकू आले, कुठेतरी वेफर्सचं पाकीट वाजलं. मग पाकीट थांबलं. मग खोकले थांबले. तीनशे माणसं एका वाकड्या दाराकडे श्वास धरून बघत होती आणि त्यांत मिस्त्रीही होते. बायकोची नखं त्यांच्या दंडात रुतली होती.

घरी येऊन चप्पल काढताना ती म्हणाली, "अहो, खरं सांगा. त्या दारामागे काय होतं?"

रंगाचे डबे, शिडी, माझा डबा, असं सांगायला मिस्त्रींनी तोंड उघडलं. ते सगळं त्यांनीच तिथे ठेवलं होतं. पण त्यांच्यापुढे फक्त तो अंधार उभा राहिला.

"मला नाही माहीत," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

बायको हात-पाय धुवायला गेली. जाताना आतल्या खोलीत पिशवी ठेवून तिथलं दार ती अर्धं सोडून गेली होती. ते मिस्त्रींनीच बसवलेलं, तेवीस वर्षांत तसूभर न हललेलं. आताही ते जिथल्या तिथे होतं. मिस्त्री थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग उठले आणि कडी लावून आले.