दोन कप्पे आणि एक लाल टाका

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, कारण माझा आवाज जुन्या चेनच्या करकरीएवढाच आहे. मन लावून ऐकाल तर एक गोष्ट सांगते, आणि ती माझीच आहे.

मी एक जुनी बॅग आहे. तपकिरी चामड्याची, दोन कप्प्यांची. देवाने मला हातपाय दिले नाहीत, पण पोटं मात्र दोन दिली आणि दोन्ही भरलेली ठेवली. याहून मोठी कृपा ती कोणती!

एका कारखान्यात, खिडकीजवळच्या मशीनवर, एका शिवणाऱ्या बाईने मला घडवलं. काम करताना ती गुणगुणायची. माझी शिवण सरळ आली ती तिच्या सुरामुळे, अशी माझी श्रद्धा आहे. मग औषधांच्या एका फिरत्या विक्रेत्याने मला विकत घेतलं आणि गावोगाव मिरवलं. लोक म्हणायचे, "बॅग झकास आहे हो!" मी फुगून जायची. एक दिवस बसच्या दारात अडकून माझी कूस फाटली आणि मी दुरुस्तीच्या दुकानात आले.

त्या दुरुस्तीवाल्याची एक रीत होती. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधीची प्रत्येक फाट तो गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. "बघून घ्या. ही फाट तुमच्या घरून आलीय. उद्या माझ्या नावाने शंख नको." काम झालं की तो लाल टाका गिऱ्हाइकासमोरच काढायचा. माझी फाट त्याने त्याच दिवशी शिवली. पण विक्रेता गेला तो गेलाच. लाल टाका राहिला, मीही राहिले. तीन वर्षं फळीवर धूळ खाल्ली, मित्रांनो. कुणी झटकलंसुद्धा नाही.

मग दुरुस्तीवाल्याच्या मुलीने एक पदवी संपवून पुढचं शिक्षण धरलं: कायदा आणि व्यवसाय-व्यवस्थापन, दोन्ही पदव्या एकत्र, चार वर्षांत. रस्त्याच्या या बाजूला कायद्याची इमारत, त्या बाजूला व्यवस्थापनाची. बापाने मला फळीवरून उतरवलं, तेल लावून चकचकीत केलं. "घे. अभ्यास दोन, कप्पे दोन. ही तुझ्यासाठीच थांबली होती."

झालं! एका पोटात कायद्याची जाडजूड पुस्तकं, दुसऱ्यात व्यापाराचे तक्ते आणि आलेख. दिवसातून सहा वेळा रस्ता ओलांडायचा. सकाळी बाप विचारायचा, "काय वकीलसाहेब, निघालात?" आणि संध्याकाळी, "या शेटाणीबाई, दमलात का?" मुलगी हसायची, पण एक गोष्ट तिच्याही लक्षात आली नव्हती. या इमारतीत ती वकिलासारखा विचार करायची, त्या इमारतीत व्यापाऱ्यासारखा. दोघांची कधी गाठच पडत नव्हती. माझ्या कप्प्यांसारखंच.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन्ही अभ्यासांची मिळून एक जोडपरीक्षा आली. एका खऱ्या दुकानदाराला एका पानाचा सल्ला द्यायचा, आणि 'मला समजलं, पटलं' म्हणून त्याची सही आणायची. सही नसेल तर दोनपैकी एक शिक्षण सोडायचं.

तिने लाँड्रीवाल्या मावशींना गाठलं. एका हॉटेलच्या चादरी धुण्याचं काम त्यांच्याकडे चालून आलं होतं, पण करारात म्हटलं होतं की फाटलेल्या प्रत्येक चादरीची भरपाई लाँड्री करेल. पान द्यायच्या दिवशी मुलीने माझ्या एका कप्प्यातून एक कागद काढला: सही करू नका. दुसऱ्यातून दुसरा काढला: दुपारभर मशिनं रिकामी असतात, काम लगेच घ्या.

मावशींनी दोन्ही वाचले आणि कमरेवर हात ठेवले. "अगं बाई, तुझ्या डोक्यात दोन भाडेकरू राहतात का? मी कुणाचं ऐकू?"

"मावशी, दोन्ही बरोबर आहे."

"मग दोन्ही घेऊन जा. मी सही करणार नाही."

दुपारचे दोन वाजले होते. पान चारपर्यंत द्यायचं होतं. ती बाहेरच्या बाकावर बसली आणि मला मांडीवर पालथं करून सगळे कागद उपसू लागली. डोळे भरलेले. शोधता शोधता तिचं बोट माझ्या लाल टाक्यात अडकलं.

ती थांबली. टाक्याकडे बघत राहिली. आणि मित्रांनो, काय सांगू, देव कधी कधी दोऱ्याच्या टोकाला बसलेला असतो! तिने तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून, एक पान लिहिलं: 'काम घ्या. पण करारात एक ओळ वाढवा. चादरी घेताना हॉटेलच्या माणसासमोर एकेक उलगडून बघायची, आणि जुन्या फाटीला लाल टाका घालायचा. टाका असलेल्या फाटीची जबाबदारी लाँड्रीची नाही.'

मावशींनी पान दोनदा वाचलं. "हे कुठल्या पुस्तकात आहे गं?"

"पुस्तकात नाही मावशी. आमच्या दुकानात आहे."

त्यांनी ओल्या हातानेच सही केली. शाई पसरली, पण नाव वाचता येत होतं.

परीक्षेत कायद्याचे सर म्हणाले, "ही तर व्यापारातली हुशारी!" व्यवस्थापनाच्या बाई म्हणाल्या, "छे हो, हा सरळसरळ कायदा आहे." दोघं आपापसांत वाद घालत राहिले आणि मुलगी माझा पट्टा घट्ट धरून हसत राहिली. ती पास झाली होती.

पुढची दोन वर्षं कशी उडाली कळलं नाही. दोन पदव्यांच्या दिवशी घरी येताना माझा पट्टा तुटला. तीच मला घेऊन दुकानाच्या फळीसमोर उभी राहिली. बापाने चष्मा लावला, तुटका पट्टा दाखवला आणि लाल टाका घातला. "बघून घ्या. हे तुमच्याकडून आलंय."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे!"

"पदव्या दोन असल्या तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच."

दोघं इतके हसले की शेजारचा किल्लीवाला बघायला आला.

आता दुकानाच्या वरच्या खोलीत ती छोट्या दुकानदारांना सल्ला देते. मी तिच्या टेबलावर असते. पट्ट्याचा टाका निघाला, पण कुशीतला जुना टाका बाप काढू देत नाही. गिऱ्हाईक समोर हवं ना!

म्हणून मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, फाटल्या तर शिवून घ्या. आणि मला विसरून गेलेल्या त्या फिरत्या विक्रेत्याची आठवण ठेवा. तो कधी भेटला तर सांगा, बॅग कधीचीच तयार आहे, आणि ती रागावलेली नाही.